बडोद्यात बसून कॅसिनोत फ्लोअर सुपरवायझरची नोकरी कशी शोधावी?

मांडवीपार
नमस्कार मंडळी. घर दांडिया बाजारात, वय ३२. पणजीला मांडवी नदीतल्या एका कॅसिनो बोटीवर सहा वर्षं होतो. साडेचार वर्षं डीलर (टेबलावर खेळ चालवणारा), पुढचं दीड वर्ष फ्लोअर सुपरवायझर. २०२३ च्या दिवाळीत बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि मी राजीनामा देऊन घरी आलो. आता बाबा काठी घेऊन गॅलरीपर्यंत चालतात, बहीणही बदली होऊन इथेच आली आहे, त्यामुळे मला पुन्हा बाहेर पडता येईल. मधली दोन वर्षं मामांच्या हार्डवेअरच्या दुकानात हिशेब बघितले.

मला काम तेच हवंय. ते मला येतं आणि आवडतं. गुजरातेत कॅसिनो नाही, तेव्हा घर सोडावं लागणार हे गृहीत धरलंय. दोन महिन्यांत अकरा ठिकाणी अर्ज केले. बहुतेकांकडून उत्तरच नाही. दोन ठिकाणी म्हणाले, डीलर म्हणून या, पुढचं पुढे बघू.

एका एजंटाने मात्र थेट सुपरवायझरची जागा देऊ केली आहे. आग्नेय आशियात, पगार महिना १ लाख ६० हजार. आधी १ लाख ८० हजार भरायचे, टुरिस्ट व्हिसावर जायचं, तिथे पोचल्यावर व्हिसा बदलून देतील. फोनवर पाच मिनिटं इंग्रजी बोलून घेतलं, टेबल टेस्ट, म्हणजे टेबलावर प्रत्यक्ष हात बघायची परीक्षा, घेतली नाही. आई म्हणते पाटल्या मोडू. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

रुळावरची_मी
पैसे भरू नका. गाडीत आहे, रेंज जातेय. घरी पोचले की सविस्तर लिहिते. तोवर एक रुपयाही देऊ नका.

चांपानेर_गेट
मी आधी वाचलं "मांडवीवर सहा वर्षं होतो" आणि विचारात पडलो की आपल्या मांडवी दरवाज्यात बोट कधी आली! मग पणजी दिसलं. शुभेच्छा भाऊ. पण मला खरंच माहीत नाही, फ्लोअर सुपरवायझर करतो काय? मॉलमध्ये फिरत असतो तसा?

मांडवीपार
@चांपानेर_गेट, फिरतोच, पण तीन-चार टेबलांच्या आतच. एक उदाहरण सांगतो.

रुलेटवर १७ आला. एका गिऱ्हाइकाच्या सरळ नंबरावर ३ चिप, दोन स्प्लिटवर (दोन नंबरांच्या मधल्या रेषेवर) ५-५, एका कॉर्नरवर (चार नंबरांच्या कोपऱ्यावर) ४. सरळला ३५ पट, स्प्लिटला १७ पट, कॉर्नरला ८ पट. म्हणजे १०५, १७० आणि ३२, एकूण ३०७. डीलरने हे मनात करून आकडा मोठ्याने बोलायचा. त्याने तोंड उघडायच्या आत माझ्या मनात ३०७ तयार असायला हवा. तो २९० म्हणाला तर चिप सरकायच्या आधी थांबवायचं, आणि तेही गिऱ्हाइकासमोर त्याचा पाणउतारा न करता. चुकलेला डीलर घाबरला की पुढचे तीन हिशेबही चुकतात.

बाकी वादही असतात. चेंडू उतरायला लागला, डीलरने "नो मोअर बेट्स" म्हणून टेबलावरून हात फिरवला, त्यानंतर कुणीतरी चिप सरकवली आणि नेमका तोच नंबर आला. गिऱ्हाईक म्हणतं मी आधीच ठेवली होती. अशा वेळी टेबल जिथल्या तिथे थांबवायचं, सर्व्हेलन्सला फोन करायचा, कॅमेऱ्यात दिसेल तो निकाल. फोन चालू असताना त्या माणसाशी शांत आवाजात बोलत राहायचं, हे सगळ्यात अवघड. शिवाय कॅश काउंटरमधून टेबलावर चिप आल्या की वीस-वीसच्या थप्प्या कॅमेऱ्याला दिसतील अशा मोजून स्लिपवर सही, कोण सरासरी किती लावतोय त्याची नोंद, डीलरांच्या ब्रेकची पाळी. डीलर टेबल सोडताना टाळी वाजवून तळहात उलटेसुलटे करून दाखवतो, ते पाहिलेलं असेल. तेही दर वेळी बघायचं असतं.

गुरुजी_चिमणाबाई
मी बत्तीस वर्षं मराठी शाळेत गणित शिकवलं. हा प्रतिसाद वाचून पाढे आठवले. सतरा आठे छत्तिसासे, सतरा नवे त्रेपन्नासे, सतरा दाहे सत्तरासे. आमच्या वर्गात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळं म्हणून घेत असू. पालक विचारायचे, याचा पुढे उपयोग काय. बाळा, तुला पाढे येत होते की तिथे शिकलास?

मांडवीपार
गुरुजी नमस्कार. वीसपर्यंत शाळेतले, पस्तीसचा तिथे पाठ केला. ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात इंग्रजी शाळेतली मुलं सतराला अडकली आणि मी घडाघड म्हणून दाखवला, तेव्हा प्रशिक्षकांनी मला पुढच्या रांगेत घेतलं. आणि ब्लॅकजॅक म्हणजे तुमची दिडकीच. पहिल्या दोन पत्त्यांत एकवीस झाले की तीनास दोन, म्हणजे दीडपट. ७५० च्या पैजेला ११२५. बाबांनी लहानपणी गॅलरीत बसवून दिडकी म्हणून घेतली होती, तीच वापरली.

नव्या_बाजारातली
मला हा धागा बघून राहवलं नाही म्हणून लिहिते. माझ्या सासऱ्यांचं कापडाचं दुकान होतं. श्रावणात पत्ते बसायचे, सातमपासून जन्माष्टमीपर्यंत, सगळ्यांच्याच घरी बसतात म्हणून कुणी काही बोललं नाही. मग श्रावण संपला तरी बसायला लागले. पाच वर्षांत दुकान गेलं. सासूबाईंनी उरलेलं आयुष्य दुसऱ्यांच्या साड्यांना फॉल-बिडिंग लावून काढलं. तुम्ही हुशार आहात, हिशेब पक्का आहे, आईवडिलांसाठी नोकरी सोडून आलात. मग ही हुशारी अशा ठिकाणी का द्यायची? बँक आहे, मामांचं दुकान आहे. तुमच्या टेबलासमोर बसलेला माणूसही कुणाचा तरी सासरा असतो.

दर्यावर्दी_गोत्री
ताई, तुमचं दुःख खरं आहे, पण कायदेशीर ठिकाणी पगार घेऊन काम करणारा माणूस त्याला जबाबदार कसा? गोव्याने १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिनांना आणि १९९६ मध्ये बोटींवर टेबलाच्या खेळांना कायदा बदलून परवानगी दिली. हजारो घरं चालतात त्यावर.

मांडवीपार
@दर्यावर्दी_गोत्री, आभार, पण काकूंना उत्तर मीच द्यायला हवं.

काकू, हा प्रश्न मला पडलेला आहे. सुपरवायझर झाल्यावर तिसऱ्याच महिन्यात एक गृहस्थ आले होते, बाबांच्या वयाचे. आपल्याच बाजूचे, गुजराती बोलत होते. पहाटे तीनच्या सुमारास त्यांनी तिसऱ्यांदा पैसे मागवले आणि नंतर बोटातली अंगठी काढून टेबलावर ठेवली. अंगठी आम्ही घेत नाहीच. मी डीलरला थांबवलं, पिट बॉसला (सुपरवायझरच्या वरच्याला) बोलावलं, काकांना बाजूला नेऊन वरणभात खायला लावला. त्यांना गुजरातीत घरचे कोण कोण आहेत विचारलं तर रडायला लागले. किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या बोटीत मी स्वतः बसवून दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परत आले.

मी काही त्यांना वाचवलं नाही. पण त्या रात्री टेबलाशी ज्याला थांबवायचा अधिकार होता तो मी होतो, आणि मी तो वापरला. डीलरला तो अधिकार नसतो. मला सुपरवायझरचंच काम हवंय त्यामागे पगाराइतकंच हेही आहे.

नव्या_बाजारातली
मला अजून पटत नाही. पण दुसऱ्या दिवशी परत आले हे तुम्ही लपवलं नाहीत, ते आवडलं. बाबांना लवकर बरं वाटू दे.

रुळावरची_मी
पोचले घरी. आता लिहिते.

माझा मावसभाऊ २०२२ मध्ये असाच गेला होता. "कॅसिनोत कस्टमर सपोर्ट", तोही टुरिस्ट व्हिसावर, बँकॉकपर्यंतचं विमान. तिथून गाडीने रात्रभर नेलं आणि सकाळी नदी ओलांडून म्यानमारमध्ये. पासपोर्ट काढून घेतला. काम काय, तर दिवसाचे पंधरा तास फोनवर परदेशातल्या लोकांना खोट्या गुंतवणुकीत ओढायचं. मावशी दोन महिने जेवली नाही नीट. तो परत आला, सगळे येत नाहीत. तिथल्या म्यावाडी गावाबद्दल परराष्ट्र मंत्रालयाने त्याच वर्षी इशारा दिला होता, आम्ही तो नंतर वाचला.

तुमच्या एजंटाची तीन वाक्यं आणि भावाच्या एजंटाची तीन वाक्यं अगदी सारखी आहेत. टुरिस्ट व्हिसा, परीक्षा नाही, शुक्रवारपर्यंत पैसे. परदेशी नोकरीला पाठवणारा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला असावा लागतो आणि त्याला ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. १ लाख ८० हजार मागणारा तिथेच उघडा पडतो. त्याचा परवाना क्रमांक मागा. आईंच्या पाटल्या कपाटात राहू द्या.

पिट_तीन
चौदा वर्षं या धंद्यात काढली. आधी गोवा, मग काठमांडू, पुन्हा गोवा. वरच्या ताईंना पूर्ण अनुमोदन. त्यात धंद्यातलं एक कारण जोडतो. ज्याचे हात पाहिले नाहीत त्याच्या ताब्यात कुठलाही खरा कॅसिनो चार टेबलं देत नाही. टेबल टेस्ट नाही म्हणजे टेबलच नाही.

आता मूळ प्रश्न. दादा, तुझे अर्ज का पडून राहतात ते सांगतो. बाहेरून सुपरवायझर घेण्यापेक्षा आपल्याच डीलरांतला एक वर उचलणं कुणालाही सोयीचं असतं. त्याचे हात, त्याच्या सवयी, त्याची हजेरी सगळं माहीत असतं. तू दीड वर्ष फ्लोअरवर होतास हे अर्जातल्या एका ओळीने कळत नाही. कुठले खेळ डील करतोस, कुठले सुपरवाइज केलेस, एका वेळी किती टेबलं, किती डीलरांची पाळी लावायचास, हे पहिल्या अर्ध्या पानात यायला हवं. बॅकरा, रुलेट, ब्लॅकजॅक, अंदर-बाहर, फ्लश, जे येत असेल ते नावासकट. मधल्या दोन वर्षांचं कारण सरळ लिही, वडिलांचं आजारपण. दुकानातले हिशेबही लिही, लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

आणि अर्ज पोर्टलवर टाकून बसू नकोस. तुझा जुना शिफ्ट मॅनेजर आज कुठे आहे? या धंद्यात माणसं एकाच पाच-सहा दारांतून आत-बाहेर करतात. त्याला फोन कर. त्याचा एक शब्द अकरा अर्जांपेक्षा भारी.

दिवस मात्र कठीण आहेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी चिप घेण्याच्या पूर्ण रकमेवर आला, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, तिथली माणसंही आता याच दारांत उभी आहेत. म्हणून डीलर म्हणून बोलावलं तर जा.

दर्यावर्दी_गोत्री
शेवटच्या वाक्याशी असहमत. एकदा खालच्या पदावर गेलात की वर्षभर कुणी वर बघत नाही. माझ्या बाबतीत तेच झालं. त्यापेक्षा क्रूझ बघा. सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) काढा, एसटीसीडब्ल्यूचे (खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांचे) प्राथमिक सुरक्षा कोर्स करा, मेडिकल करा, अमेरिकेच्या बंदरांना जाणारं जहाज असेल तर सी-१/डी हा जहाजावरच्या कर्मचाऱ्यांचा व्हिसा. भरती फक्त आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा सरकारी परवाना असलेल्या कंपनीमार्फत. त्यांना जागा मिळवून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला कायद्याने मनाई आहे. बंदरात जहाज लागलं की कॅसिनो सहसा बंद असतो, त्यामुळे दिवसा जग बघायला मिळतं.

पिट_तीन
दर्यावर्दी, मुद्दा बरोबर, पण त्याचे वडील लक्षात घ्या. सहा-आठ महिन्यांचा करार, जहाज भर समुद्रात, आणि घरून फोन आला तर? पणजीहून मडगावला येऊन गाडीत बसला की थेट बडोद्याला उतरतो.

दर्यावर्दी_गोत्री
हो. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माझी आई गेली तेव्हा मी बार्बाडोसला होतो. मग गोवाच बघा.

लष्कर_ग्वाल्हेर
सिक्कीमचा विचार केलात का? गंगटोकला आहेत ना? आणि आखातात काही सुरू होतंय म्हणे.

पिट_तीन
गंगटोकला आहेत, २००२ च्या कायद्याखाली, पण जागा मोजक्या. रास अल खैमाला मोठं रिसॉर्ट बांधतायत, २०२७ ला उघडायचं जाहीर केलंय, तिथे पुढे नजर ठेवावी. काठमांडूत नेपाळी नागरिकांना खेळायला बंदी, त्यामुळे गिऱ्हाईक बरंचसं आपल्याकडचं. मराठी, हिंदी, गुजराती तिन्ही बोलणाऱ्याला तिथेही आणि गोव्यातही किंमत आहे. दादा, हे अर्जात पहिल्या ओळीत टाक. गुजराती येते हे तू लिहिलंच नसशील.

मांडवीपार
नव्हतं लिहिलं! भाषा म्हणून फक्त इंग्रजी आणि हिंदी लिहिली होती. आज बदलतो.

पिट_तीन
आणि हात. दोन वर्षांनी बोटं विसरतात. चिपचा एक संच घेऊन ये आणि रोज वीसची थप्पी कापत बस. मुलाखतीत रोख व्यवहारांबद्दल विचारतील. मनी लाँडरिंगचा कायदा कॅसिनोंनाही लागू आहे, १० लाखांवरच्या रोख व्यवहाराचा अहवाल द्यावा लागतो, ते वाचून जा. पोलीस क्लिअरन्सही आधीच काढून ठेव.

चांपानेर_गेट
धागा तीन आठवडे शांत आहे. काय झालं भाऊ? पाटल्या शाबूत आहेत ना?

मांडवीपार
उशिराबद्दल क्षमा. पाटल्या कपाटात आहेत. एजंटाला परवाना क्रमांक विचारला तर आधी म्हणाला पाठवतो, मग ९० हजारांवर आला, मग शुक्रवारी रात्री म्हणाला तुमची सीट दुसऱ्याला दिली. त्यानंतर फोन बंद. रुळावरच्या ताई, तुमची ती पहिली दोन ओळींची पोस्ट मी आईला मोठ्याने वाचून दाखवली होती.

जुन्या शिफ्ट मॅनेजरना फोन केला. ते आता दुसऱ्या ठिकाणी आहेत. दहा दिवसांनी टेबल टेस्टला बोलावलं. जायच्या आधी रोज संध्याकाळी गॅलरीत थप्प्या कापत बसायचो. बाबा आकडे सांगायचे आणि मी पट करायचो. त्यांचा उजवा हात अजून नीट उचलत नाही, पण चुकलो की काठी आपटायचे. एकदा सतरा नवेला मी अडखळलो, तर बाबाच "त्रेपन्नासे" म्हणाले. झटका आल्यापासून इतका स्पष्ट शब्द पहिल्यांदा ऐकला.

टेस्टला पहिली थप्पी सांडली. घाम फुटला होता. मग रुलेटच्या चित्रावर, म्हणजे टेबलावर मांडलेल्या पैजांच्या हिशेबावर बसलो आणि हात आपोआप चालायला लागले. मग त्यांनी प्रसंग दिला. डीलरने चुकून जास्त पैसे दिले, गिऱ्हाइकाने चिप खिशात घातल्या, आता काय? मी म्हटलं, आधी टेबल थांबवीन, कॅमेऱ्यावर खात्री करून घेईन, तोवर गिऱ्हाइकावर आरोप होईल असा एक शब्द बोलणार नाही, आणि डीलरला त्याच टेबलावर उभा ठेवीन, सगळ्यांसमोर हटवणार नाही. त्यावर पुढची पंधरा मिनिटं याच एका गोष्टीवर बोललो.

पद डीलर-सुपरवायझर असं दुहेरी मिळालंय. एरवी टेबलावर, शुक्रवार ते रविवार फ्लोअरवर. दर्यावर्दी, तुमची भीती मनात होती म्हणून तीन महिन्यांनी मूल्यमापन होईल हे पत्रात लिहून मागितलं, आणि त्यांनी लिहून दिलं. पगार माझ्या आधीच्या पगारापेक्षा थोडा कमी आहे.

रुळावरची_मी
डोळ्यांत पाणी आलं हो. बाबांचं वाचून.

गुरुजी_चिमणाबाई
बाबांना माझा नमस्कार सांग. आणि विचार, कोणत्या शाळेत होते.

मांडवीपार
विचारलं गुरुजी. तुमच्याच शाळेत, तुमच्या आधीची तुकडी असावी. सोमवारची गाडी आहे. तिकिटाचे पैसे मामांनी दिले, त्यांच्या महिन्याचा ताळा जुळवून देतोय आणि बॅग भरतोय. काळे बूट मात्र नवीन घ्यावे लागणार, जुन्यांचा तळ गेला. आठ तास उभं राहता येईल असे बूट खंडेराव मार्केटच्या बाजूला कुठे मिळतील?

चांपानेर_गेट
रविवारी अकराला ये, मी घेऊन जातो. ओळखीचं दुकान आहे. नंतर सेव-उसळ माझ्याकडून.